काचेतली बारीक रेघ

भूपेंद्र हेडाऊ पोलिसात लागला तो जिल्हा फुटल्यावर. गोंदिया वेगळा झाला, कचेऱ्यांची वाटणी झाली, टेबलं-खुर्च्या ट्रकात भरून तिकडे गेल्या, आणि तिकडचे शिपाईही आपापल्या गावाकडे निघून गेले. भंडाऱ्यात जागा रिकाम्या झाल्या. त्या भरतीत पवनीच्या कोष्टी मोहल्ल्यातला हा काडीपैलवान उभा राहिला आणि निवडूनही आला. मोहल्ल्यानं हसून घेतलं. "पाहा बापा! टिकाराम मागावर धोटा फेकते, अन् त्याचा पोट्टा आता गोळी फेकंल म्हणते!"

हसणारे लवकरच गप झाले. ट्रेनिंगच्या पहिल्याच फायरिंगला भूपेंद्रच्या गोळ्या टार्गेटवर अशा जवळजवळ बसल्या की शिकवणारा साहेब उठून टार्गेटपर्यंत चालत गेला. परत येऊन म्हणाला, "आधी कुठे शिकलास रे?" भूपेंद्र म्हणाला, "मागावर, साहेब." साहेबाला वाटलं, पोरगा चढेल आहे. पण तो खरंच बोलत होता. मागावरच्या ताण्यात हजारो तारा असतात, त्यातली एक तुटली तर ती शोधून जोडायची, तेही हात न थरथरता आणि श्वास धरून. कोष्ट्याच्या घरात हे काम पोरांना चालायला शिकवावं तसं शिकवतात. आणि पवनीच्या लुगड्याचा करवती काठ म्हणजे तर डोळ्याची परीक्षाच. करवतीच्या दात्यांसारखे ते दाते, एक दाता एका तारेनं जरी सरकला तरी दुकानदाराचा अंगठा बरोबर तिथंच थांबतो. बारीक तार दिसणं हीच तिथली अब्रू. पोरगी द्यायची तरी आधी विचारतात, मुलगा कोणत्या नंबरचं सूत चालवतो? नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक.

तर असा हा माणूस. पुढे हवालदार झाला, लग्न झालं, मोनिका घरात आली, केस पांढरे व्हायला लागले, पण जिल्ह्याची रायफल त्याच्याच खांद्याला राहिली. हेडक्वार्टरात कोणी त्याला नावानं हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'उस्ताद' म्हणत, आणि तोही ते नाव वर्दीसारखं अंगावर घालून फिरे. गर्व होता का? होताच की! कष्टानं मिळवलेल्या गोष्टीचा माणसानं गर्व करू नये तर काय करावं?

त्या साली पोलिसांच्या राज्यस्तरीय स्पर्धेत एक नवीन प्रकार आला. जोडीचा. दोन माणसं, रायफल एकच, आळीपाळीनं दोघांनीही झाडायची, आणि रायफलवर दुर्बीण. टार्गेटं वेगवेगळ्या अंतरावर मांडलेली, कोणतं किती लांब ते कोणी सांगणार नाही. भूपेंद्रनं जोडीला घेतला अश्विन. आसगावचा ढिवराचा पोरगा, तलावात बापाबरोबर जाळं टाकत मोठा झालेला. पाणी कुठं हललं आणि मासा कुठं निघाला यातला फरक ओळखणाऱ्या घरातला. अंगात घाई नाही, तोंडात बढाई नाही. भूपेंद्रनं त्याला स्वतः शोधला आणि स्वतः घडवला. साहेबांनी अश्विनला सांगून ठेवलं होतं, की इथे नाव काढलंस तर राज्याच्या संघाचा रस्ता उघडा आहे. पोराच्या आयुष्याचा प्रश्न होता म्हणा ना.

शस्त्रागाराचे केवळराम जमादार पाहून घेण्यासाठी तीन दुर्बिणी घेऊन आले. तिन्ही सारख्याच दिसायच्या. फरक होता तो आतल्या फुलीचा. दुर्बिणीला डोळा लावला की समोर जी उभी-आडवी रेघ दिसते, तिला इंग्रजीत रेटिकल म्हणतात. हेडक्वार्टरात सगळे 'फुली'च म्हणत. पहिल्या दुर्बिणीची फुली जाड, काळीभोर, आंधळ्यालाही दिसावी अशी. दुसरीच्या रेघांवर मण्यांसारखे ठिपके. आणि तिसरीची फुली केसाहून बारीक, तिच्यावर मोजपट्टीसारख्या नाजूक खुणा, मधोमध थोडी जागा मोकळी आणि त्या मोकळ्या जागेत एकच टिंब.

"उस्ताद, आपण काय, नुसते भारवाही," केवळराम म्हणाले. "यातली कोणती ठेवाची ते तुमी सांगा. बाकीच्या दोन वापस जातीन."

आता यात निवडायचं ते काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण इथंच सगळा खेळ असतो. जाड फुली झटकन दिसते, उजेड कमी असला तरी हरवत नाही. पण टार्गेट लांब गेलं की जाड रेघेखाली ते झाकूनच जातं. मग तुम्ही ज्यावर नेम धरता तेच तुम्हाला दिसत नाही. बारीक फुलीच्या मोकळ्या जागेत टार्गेटचं काळीज तेवढं उघडं राहतं. शिवाय तिच्यावरच्या खुणांनी टार्गेट मोजता येतं. टार्गेट केवढं आहे ते ठाऊक असलं आणि ते किती खुणांत मावतं ते पाहिलं, की अंतर निघालं. जिथं अंतर कोणी सांगणार नाही, तिथं ज्याला खुणा वाचता येतात त्यालाच स्पर्धा. पण वाचायला डोळा हवा.

भूपेंद्रनं तिसरी दुर्बीण उचलली आणि सूत पारखताना करतात तशी आभाळाकडे धरली. कोष्टी सुताची लडी नेहमी उजेडावर धरून पाहतो. टेबलावर ठेवून पाहील तो कोष्टी कसला! डावा डोळा मिटला, उजवा लावला. बराच वेळ पाहिलं आणि दुर्बीण खाली घेतली.

"जमादार, माल खराब आहे. मधात रेघ वाकडी झाली आहे."

"वाकडी?" केवळरामांनी स्वतः पाहिलं. "मले तं सरळ दिसून राहिली बापा. काचेवर कोरली असते, वाकंल कशी?"

"मी सांगतो न! मधात मोडल्यासारखी आहे. द्या, अश्विनले पाहू द्या."

अश्विननं दुर्बीण घेतली. पाहिलं. मग उस्तादच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा दुर्बिणीत पाहिलं.

"हो जी," तो म्हणाला. "थोडीशी वाकडी आहे खरी. अन् मले तशीही जाड फुलीच बरी वाटते."

झालं. दोघं म्हणतात म्हटल्यावर केवळराम काय बोलणार? तिसरी दुर्बीण डब्यात गेली. जाड फुलीची रायफलवर चढली आणि सराव सुरू झाला. भूपेंद्रचं बरं चाललं होतं. पण अश्विन, ज्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसायच्या, त्याच्या आता विखुरल्या. लांबचं टार्गेट आलं की तो अडखळे. उस्तादनं विचारलं, "काय गा, काय होऊन राहिलं तुले?" तर खाली मान घालून म्हणे, "काही नाई जी. सवय होऊन राहिली." उस्ताद एकदा चिडलाही. "सवय कायची? नजर ठिकाणावर ठेव!" पोरानं ऐकून घेतलं.

सुटीला भूपेंद्र पवनीला आला. घरचा माग अजून चालू होता. आता त्यावर चुलतभाऊ भैय्यालाल बसे. बापाची, टिकारामची, दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळपास गेली होती. खाटेवर बसल्या बसल्या तो मागाचा खटखटाट ऐकायचा आणि आवाजावरून भैय्यालालच्या चुका काढायचा. मोहल्ल्यात टिकारामला मान होता, आणि तो मान एका गोष्टीचा होता. तिथं जुनी रीत अशी, की तार दिसेनाशी झाली की विणकरानं आपण होऊन मागावरून उतरायचं. दुसऱ्यानं 'आता उतर' म्हणण्याची वेळ येऊ द्यायची नाही, आणि खोट असलेलं लुगडं आपल्या मागावरून जाऊ द्यायचं नाही. बोलायला सोपं आहे हो! उतरतो कोण? पण टिकाराम उतरला होता. शेवटचं लुगडं एकाही दात्याला डाग न लावता पुरं केलं, मागाला नमस्कार केला आणि म्हणाला, बस, आता दिसत नाही. लोक अजून पोरांना सांगत, उतरावं तर टिकारामसारखं.

भैय्यालाल जेवायला गेला होता. मागावर ताणा ताणलेला होता, कोशाच्या रेशमी तारा उन्हात पिवळ्या दिसत होत्या. भूपेंद्र सहज म्हणून समोर उभा राहिला. आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, डावा डोळा मिटून त्यानं पाहिलं. तारा मधोमध मोडलेल्या. त्यानं उजवा मिटला. तारा सरळ. पुन्हा डावा मिटला. पुन्हा मोडलेल्या, आणि बरोबर मध्ये, जिथं पाहावं तिथंच, धूर धरल्यासारखं.

ताणा काही वाकडा असू शकत नाही. म्हणजे ती रेघही वाकडी नव्हती. मग अश्विनला ती वाकडी कशी दिसली?

"कायले करून राहिला तसं?" मागून आवाज आला.

दारात माय उभी होती, विमला. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं आणि जवळ आली. "एक डोया मिटून, मंग दुसरा मिटून. तुहा बा असाच करे."

"कधी?"

तिनं खाटेकडे पाहिलं. टिकारामचा डोळा लागला होता. तिनं भूपेंद्रचा हात धरला, त्याला मागच्या अंगणात नेलं, आणि जे तिनं जन्मभर कोणाला सांगितलं नव्हतं ते अगदी हळू आवाजात सांगितलं.

"तो उतरला न, त्याच्या लय आधीपासून त्याले तार दिसत नव्हती. दाते चुकत. जेवून दुपारी झोपला का मी मागावर बसो. चुकलेलं उसवो, अन् तेवढंच पुन्हा विणून ठेवो. जेवढं त्यानं सोडलं तेवढंच. उठून पाहे, हात फिरवे, अन् म्हणे, पाह्य विमला, डोया गेला तरी हात नाई चुकला माहा." ती थांबली. "बापा, त्याचं तोंड असं उजळे का माह्याच्यानं सांगणंच नाई झालं. दोन वर्सं गेली तशीच. शेवटचं लुगडं तं अर्ध्याच्या वर माह्या हातचं आहे."

"अन् तुहे डोळे, माय?"

"माहे काय," ती म्हणाली. "गेले थोडे. बाईच्या डोयाचं कोण इचारते?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. भूपेंद्रनंही नाही. त्याला आठवलं, साठीच्या आतच मायनं सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरी बोलवायला सुरुवात केली होती, आणि सगळे तिला हसले होते. तो तिथंच पायरीवर बसला आणि रडला. लाज वाटली तरी रडला. माय त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "त्याले सांगजो नको. आता कायले? जगू दे त्याले त्याच्या मानात."

परतीच्या एसटीत तो एकच गोष्ट घोळवत होता. मायनं केलं ते मायेपोटी केलं, यात शंका नव्हती. अश्विननंही मायेपोटीच केलं. पण ज्याचा डोळा गेला तो जागेवर बसून राहतो, आणि भरतो मात्र दुसराच. मायनं डोळे भरले. हा पोरगा तर उभं आयुष्य भरायला निघालाय, आणि वर माझ्या शिव्या खातोय, 'नजर ठिकाणावर ठेव' म्हणून. अरे देवा! आणि मी उस्ताद म्हणवतो!

मोनिका त्याला नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं डोळ्यात औषध घातलं, चौकटी-चौकटींचा कागद दाखवला, मग सांगितलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे, अगदी मध्यावर. चालायला-फिरायला अडचण नाही, दुसरा डोळा चांगला आहे. पण उजव्यानं बारीक पाहणं आता येणार नाही. औषधानं वाढ थांबली तरी पुष्कळ. बाहेर आल्यावर मोनिका म्हणाली, "डाव्या खांद्यानं नाई जमणार?" त्यानं ते करून पाहिलं होतं. एवढ्या वर्षांचं शरीर उजवीकडं वळलेलं. डाव्या खांद्यावर रायफल म्हणजे पाहुणी होती. "नाई जमत," तो म्हणाला. ती बसस्टँडपर्यंत त्याचा दंड धरून चालली, आणि त्यानंही सोडवून घेतला नाही.

साहेब निवड पक्की करायला रेंजवर येणार होते. भूपेंद्र आधीच पोचला आणि केवळरामांना म्हणाला, "ते तिसरी दुर्बीण वापस पाठवली?"

"उद्या जाऊन राहिली. काहून?"

"काढा."

अश्विन आला, रायफलवर बारीक फुलीची दुर्बीण पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "उस्ताद, ते तं वाकडी आहे न."

"झोप. लांबच्या टार्गेटवर झाड."

"मले जाडच..."

"अश्विन, मी सांगतो ते कर."

तेवढ्यात साहेबही येऊन मागं उभे राहिले. पोरगा पालथा झोपला. खुणांत टार्गेट मोजलं, ओठांतल्या ओठांत हिशेब केला, श्वास सोडला. गोळ्या गेल्या. मार्करनं टार्गेट वर केलं तेव्हा साहेबांनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली आणि पुन्हा लावली. सगळ्या गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या गेल्या असत्या. केवळराम नुसतं "अबे!" म्हणाले.

"हेडाऊ, आता तुम्ही," साहेब म्हणाले. "दोघांनाही जमायला हवी. शेवटी पसंती तुमचीच."

भूपेंद्र झोपला. खांद्याला रायफलचा दस्ता लावला, गाल टेकवला. हे शरीर सगळं ओळखत होतं. मातीचा वास, तेलाचा वास, ट्रिगरचा पहिला ढिलेपणा. त्यानं डोळा लावला. कडेच्या खुणा दिसत होत्या, छान, स्वच्छ, सुताच्या नंबरासारख्या एकाखाली एक. मधोमध मात्र रेघ मोडत होती, आणि जिथं टिंब असायला हवं तिथं काहीच नव्हतं. तो थांबला. त्याला अजूनही म्हणता आलं असतं, की मले नाई जमत, जाड द्या. कोणी एका शब्दानं विचारलं नसतं. सगळ्यात आधी अश्विननं मान डोलावली असती.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"लय चांगली आहे साहेब," तो म्हणाला. "हेच ठेवा. रेघ एकदम सरळ आहे. वाकडा माहा डोया आहे." आणि एकही गोळी न झाडता त्यानं बोल्ट मागं ओढला, चेंबर मोकळं केलं, आणि उठून बसला. "डॉक्टरचा कागद आहे माह्यापाशी. जोडीले माह्या जागी दुसरा पाहा. मी रायफलवरून उतरलो."

अश्विन रागानं बोलला. डोळे भरले होते त्याचे. "काहून सांगतलं जी? मी होतो न! मी घेतलं असतं सांभाळून!"

"तेच तं," भूपेंद्र म्हणाला. "तू माह्यासाठी खोटं बोल्ला. मले राग नाई आला, बाबू. पण माह्या घरी एकीनं असंच सांभाळून घेतलं होतं. तिले सुई नाई दिसत आता." अश्विनला काय कळलं, काय नाही. त्यानं वाकून उस्तादचे पाय धरले, आणि भूपेंद्रनं त्याला उठवून त्याच्या हातात रायफल दिली. वीस-बावीस वर्षांचं आयुष्य होतं ते.

त्यानंतरच्या सुटीला तो पवनीला गेला. बाप खाटेवरच होता. भूपेंद्र पायथ्याशी बसला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, डोळा कसा गेला, डॉक्टर काय म्हणाला, आणि आपण रायफल सोडली ती. विमला चुलीजवळ भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

टिकारामनं चाचपडत पोराचं तोंड शोधलं, दोन्ही तळव्यांत धरलं.

"कोणी म्हटलं तुले, उतर म्हणून?"

"नाई बा. कोणीच नाई."

"आपल्या मनानं उतरला?"

"आपल्या मनानं."

म्हाताऱ्याच्या त्या विझलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड असं उजळलं की पाहत राहावं. "शाबास," तो म्हणाला. "टिकारामचा पोरगा शोभला. कोणाच्यानं होत नाई हे, भूपेंद्र. मी उतरलो होतो, अन् आता तू."

भूपेंद्रनं चुलीकडं पाहिलं. मायनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकर जळायला लागली होती.

"हो बा," तो म्हणाला. "तुमच्यासारखाच उतरलो."